दहा कोऱ्या स्लाइड

सोमवार, २ सप्टेंबर

आज मास्तर माझ्या टेबलावर आले. बाटलीतून.

बोटाएवढी बाटली, आत फॉर्मालिन, तळाशी चार कण. वरच्या पट्टीवर त्यांचं नाव, वय छप्पन्न, आणि खाली 'उजवी मुख्य श्वासनळी'. सत्तावीस वर्षं मी या लॅबमध्ये लोकांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवते आणि त्यांचे केसाहून पातळ काप काढून काचेवर चढवते. डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि माणसाचं पुढे काय होणार ते लिहितात. आजवर हजारो नावं वाचली असतील. नवऱ्याचं वाचलं, बाटली खाली ठेवली आणि उगाच दोनदा हात धुऊन आले.

मास्तर शाळेत खेळ शिकवतात. शाळा, शेजारपाजार, माझ्या माहेरची माणसं, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, मीसुद्धा. दीड महिन्यापासून खोकला होता. छातीत उजव्या बाजूला शूं वाजायचं, तर म्हणायचे, "बघ, आता तोंडात शिट्टी धरायची गरजच उरली नाही." रुमालावर रक्त आलं तेव्हा विनोद थांबले. शुक्रवारी छातीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, गाठ दिसली. चिमट्याने चार तुकडे घेतले. रक्त थांबेना, म्हणून पाचवा घेतला नाही.

घरच्या माणसाचा नमुना आपण करायचा नाही, समोरच्या टेबलावर द्यायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. समोरच्या टेबलावर घाईवाले भाऊ बसतात. माणूस लाख चांगला, पण त्यांच्या कापाला सुरकुत्या असतात, आणि मास्तरांच्या वाट्याला सुरकुत्या कशाला? मी बाटलीवर माझ्याच टेबलाचा नंबर टाकला. भाऊंनी पाहिलं आणि मान खाली घातली.

झाकण उघडलं तेव्हा फॉर्मालिनच्या वाफेने भाऊंच्या डोळ्यांना पाणी आलं. मला काही नाही. माझं नाक या नोकरीत कधीच निवृत्त झालं. पंधरा वर्षं झाली, फुलाचा वास येत नाही की करपलेल्या दुधाचा. घरी मास्तर माझं नाक होतात. बाहेरून आले की आधी स्वयंपाकघरात डोकावतात, "अगं, काहीतरी लागलंय." तोंडात त्यांची पेपरमिंटची गोळी दाताशी खटखट वाजत असते. घसा मोकळा राहतो म्हणतात.

लॅबच्या नोंदवहीत जे लिहिता येत नाही ते इथे लिहायचं ठरवलंय. लेकीने मागे दिलेली वही कोरीच पडली होती.

मंगळवार, ३ सप्टेंबर

सकाळी ठोकळा केला. पांढऱ्या मेणात चार ठिपके, मोहरीएवढे. पहिला काप काढला, रंगवला आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन उभी राहिले. मॅडम आमच्या लॅबच्या डॉक्टर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. एरवी स्लाइड ठेवली की मी निघते. आज त्याही 'जा' म्हणाल्या नाहीत.

बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, या, दुसऱ्या नळीतून बघा."

निळे-काळे डाग, एकमेकांत ओढले गेलेले, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखे. चिमट्याच्या दाबाने पेशी चिरडल्या होत्या. अशा स्लाइड मी शेकड्याने पाहिल्यात.

"दोन शक्यता आहेत," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही एकाच घराण्यातल्या. एक कार्सिनॉइड. सावकाश वाढतो, कापून काढता येतो, माणूस वर्षानुवर्षं जगतो. दुसरा स्मॉल सेल. तो वेडापिसा वाढतो. त्याला औषध लागू पडतं, पण लगेच सुरू करावं लागतं, आठवडाही घालवायचा नाही. इतक्या चिरडलेल्या पेशींवरून मी छातीठोक काही सांगणार नाही."

"मग?"

"वाढीचा डाग करू, वाढणाऱ्या पेशींनाच धरणारा रंग. शंभर पेशींतल्या किती वाढायच्या घाईत आहेत ते कळेल. दोन-चार निघाल्या तर पहिला. सत्तर-ऐंशी निघाल्या तर दुसरा." मग विचारलं, "सर सिगारेट ओढतात?"

"आयुष्यात नाही."

"बरं आहे. स्मॉल सेल बहुतेक ओढणाऱ्यांनाच होतो."

छातीच्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छे हो, मी खेळाचा माणूस."

निघताना मॅडमनी बजावलं, "ताई, आजच्या आज दहा कोऱ्या स्लाइड काढून ठेवा. एका बैठकीत. तुकडे फार छोटे आहेत."

हे मला सांगायची गरज नाही. असा डाग कोऱ्या, म्हणजे न रंगवलेल्या कापांवरच करतात. ठोकळा यंत्रातून काढून पुन्हा लावला की पात्यासमोर सरळ होईपर्यंत पाच-सहा काप फुकट जातात. तुकडा मोहरीएवढा असेल तर तेवढ्यात निम्मा संपतो. या एका गोष्टीसाठी मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला फैलावर घेतलंय.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कोऱ्या स्लाइड अजून काढल्या नाहीत. मंगळवारी यंत्रासमोर बसले होते. मनात आलं, वरचा भाग चिरडलेला आहे, त्यावर डाग केला तर तोही घाण येणार. चिमटा वरून दाबतो. आत खोलवर धड पेशी असतीलच. आधी त्या शोधू, मग तिथून दहा काढू. यात चूक काय?

काल जेवणाच्या सुट्टीत ठोकळा लावला. थोडं आत गेले, एक काप रंगवला. तेच काळं. संध्याकाळी पुन्हा लावला. तेच. मधले काप पसरण्यासाठीच्या कोमट पाण्यावर तरंगत होते, ते कागदाने टिपून टाकले. चिरडलेला माल ठेवून काय करायचंय.

आज सुट्टीत पुन्हा लावला, आणि सापडल्या!

एका कोपऱ्यात गोल गोल पुंजके. एकसारख्या पेशी, शेजारीशेजारी शहाण्यासारख्या बसलेल्या. कुठे गर्दी नाही, कुठे ढकलाढकल नाही, मधली टिकली, म्हणजे केंद्रक, लहान आणि शांत. मी तीनदा बघितलं. कार्सिनॉइड असाच पुंजक्यांनी बसतो, इतकं मला सत्तावीस वर्षांत कळलंय. नळीला डोळा लावूनच रडले. भाऊ डबा खात होते, त्यांना वाटलं वाईट काही आहे.

"सापडलं," मी म्हणाले.

"काय?"

"चांगलं ते."

ती स्लाइड मॅडमना दाखवली नाही. कोऱ्या न काढता ठोकळा चार वेळा लावला हे कोणत्या तोंडाने सांगू? डाग झाला की त्यांना आपोआप कळेलच. स्लाइड माझ्या खणात ठेवली आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

मास्तरांना सांगून टाकलं. राहवेना.

ते गॅलरीत शाळेचे बूट पुसत होते. मी म्हटलं, "मी बघितलंय. माझ्या डोळ्यांनी. जेवणाची सुट्टी टाकून शोधून काढलं."

"त्या दोनांतलं काय निघालं?"

"कार्सिनॉइड म्हणतात त्याला. त्या शब्दाचा अर्थच कॅन्सरसारखा."

"सारखा?"

"सारखा. कापून काढायचा, झालं."

मास्तर बूट हातात धरून कितीतरी वेळ हसत होते. "म्हणजे माझ्या पोरांसारखं. खेळाडूसारखे कपडे, खेळाडूसारखी ऐट, आणि धावायला सांगितलं की पोटात दुखतं." मग बूट खाली ठेवला आणि म्हणाले, "तो दुसरा असता तर मला फार वाईट वाटलं असतं. तुझ्यासाठी." माझ्यासाठी कशाला, ते मला कळलं नाही. म्हटलं, असू दे.

मॅडमनी मागे एकदा हेही सांगितलं होतं की नावात 'सारखा' असला तरी आता त्यालाही कॅन्सरच म्हणतात. ते मी गाळलं. लेकीला फोन केला, ती तिकडे रडली. मास्तर फोनवर ओरडले, "अगं, तुझा बाप सारखा आहे, खरा नाही!"

सोमवार, ९ सप्टेंबर

मॅडमनी सकाळी विचारलं, "ताई, कोऱ्या झाल्या?"

"देते."

ठोकळा लावला. पाचव्यांदा. पातं सरळ झालं, पहिला काप आला, त्यात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. दुसरा, त्याहून लहान. तिसऱ्यात मेण. चौथ्यात मेण. मी चाक फिरवत राहिले. पांढरी पट्टी येत राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी. ठोकळा उजेडात धरला, त्यात मास्तर नव्हते.

संपवलं मी त्यांना. हे वाक्य आत्ता लिहिलं आणि खोडावंसं वाटतंय. राहू दे.

मॅडमना दोन स्लाइड दिल्या. म्हटलं, "तुकडेच छोटे होते."

गुरुवार, १२ सप्टेंबर

डागाचा निकाल: 'पेशी अपुऱ्या, मत देता येत नाही.'

मॅडमनी ठोकळा मागवून घेतला. खिडकीशी नेऊन मेणातला खड्डा पाहिला. माझ्या कामाचा खड्डा त्या ओळखतात.

"ताई, किती वेळा लावला होतात?"

"एकदाच."

त्यांनी ठोकळा परत डबीत ठेवला. "बरं. पुन्हा तुकडा घ्यावा लागेल. मी छातीच्या डॉक्टरांना फोन करते." दार लावून घेतलं नाही, आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी बहुतेक बोलले असते.

खणातली स्लाइड तेव्हा तरी दाखवायची होती. पण ती दाखवली की 'एकदाच' खोटं ठरतं.

शनिवार, १४ सप्टेंबर

छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा नळी घालायची, पण मागच्यासारखं रक्त आलं तर तयारी हवी म्हणून शस्त्रक्रियेच्या खोलीत. त्यांच्याकडे सत्तावीस तारीख मिळते आहे. पलीकडच्या मोठ्या रुग्णालयात अठरालाच होईल म्हणाले.

पलीकडे झालं तर तुकडा त्यांच्या लॅबमध्ये जाणार. कोणाच्या हातात पडेल, कसा कापतील कोण जाणे. मी म्हटलं, "सत्तावीस चालेल. सावकाश वाढणाराच आहे तो."

"असं कोण म्हणालं?"

"मी पाहिलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, मी कागदावर आलेलं धरतो. माझा सल्ला अठराचा आहे."

मास्तर म्हणाले, "डॉक्टर, हिच्या हाताखालून अर्धं गाव गेलंय. ही म्हणते तर सत्तावीस." परत येताना रिक्षात माझा हात धरून बसले होते, लग्न नवीन असल्यासारखे. मला बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहिताना लाज वाटते आहे, पण वाटलं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मास्तरांची तब्येत सुधारते आहे. चेहरा भरलाय, गाल वर आलेत. सकाळी उठतात तेव्हा तर डोळे बारीक दिसतात इतका गुबगुबीत. मी म्हटलं, "अंगाला लागतंय हं घरचं." शर्टाचं वरचं बटण लागत नाही, गळा घट्ट होतो म्हणतात. उद्या नवे दोन शर्ट आणते, एक माप मोठे.

रविवार, २२ सप्टेंबर

आवाज बसलाय. मैदानावर ओरडून ओरडून दुसरं काय होणार. शिट्टी फुंकवत नाही म्हणून टाळ्या वाजवून पोरं पळवतात. वाकून बुटाची नाडी बांधायला गेले तर डोकं जड झालं म्हणाले, चेहरा जांभळट दिसला. नाडी मी बांधली. उशाला आता तीन उशा लागतात.

शाळेला सुट्टी घ्या म्हटलं तर म्हणाले, "घरी बसून करू काय? तिकडे माझी खेळाची खोली आहे, जरा निवांत बसता येतं." तिथे एवढं कसलं निवांत? जुने बॉल, चटया आणि धूळ.

पाच दिवस राहिले.

बुधवार, २५ सप्टेंबर

दुपारी लेक आली. मास्तरांनी दार उघडलं. तिने हातातली बॅग तशीच दारात टाकली.

"आई, बाबांचा चेहरा बघितलास का?"

"भरलाय ना?"

"भरलाय? सुजलाय तो! ही मान बघ, शिरा कशा वर आल्यात. तू रोज बघतेस आणि..." पुढचं तिने गिळलं. तासाभरात आम्ही मोठ्या रुग्णालयात होतो. गाठ वाढून छातीतली मोठी शीर दाबली गेली आहे, डोक्याकडचं रक्त खाली उतरत नाही. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी मानेवर हात फिरवला आणि हाडामागे सुपारीएवढी गाठ शोधून काढली. माझ्या हाताला ती कधी लागली नाही. मी कधी हात फिरवला होता?

डॉक्टरबाईंनी लेकीला विचारलं, "दिवसाला किती ओढतात?"

मी म्हटलं, "ते ओढत नाहीत."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. मग मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "आई, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"मी सहावीत असल्यापासून बाबांच्या शर्टाला वास येतो. शाळेतल्या शिपायाला माहीत आहे, वरच्या मजल्यावरच्या काकूंना माहीत आहे. मला वाटायचं तुलाही माहीत आहे आणि तू चालवून घेतेस."

"मला वास येत नाही गं."

"ते मला माहीत आहे. पण इतकी वर्षं..." आम्ही दोघी बाकावर बसलो. समोर एक बाई फरशी पुसत होती, तिने आम्हाला पाय वर घ्यायला सांगितलं, आम्ही घेतले.

शनिवार, २८ सप्टेंबर

मानेतल्या गाठीतून सुईने तुकडा काढला. पाच मिनिटांचं काम, रक्ताचा थेंब नाही. लेकीच्या हट्टाने आणि मॅडमच्या शब्दाने तो आमच्याच लॅबमध्ये आला. मॅडमनी तो माझ्यासमोर भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी एका बैठकीत कोऱ्या काढल्या. बारा. सुरकुती एका कापालाही नव्हती.

आज निकाल आला. शंभरात पंच्याऐंशी.

मॅडम उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी खणातली स्लाइड काढून त्यांच्यासमोर ठेवली. आता लपवून काय साधणार होते? म्हटलं, "मग हे काय आहे? हे मी ठोकळ्यातून काढलं होतं. पाच तारखेला."

त्यांनी स्लाइड लावली. एक नजर पुरली त्यांना.

"ताई, या श्वासनळीच्या ग्रंथी आहेत. आपल्या सगळ्यांना असतात. निरोगी आहेत, छान आहेत. गाठीच्या नाहीत."

"पुंजके आहेत ना पण?"

"ग्रंथी पुंजक्यांनीच असतात. तुम्हाला हे माहीत आहे."

माहीत आहे. पहिल्या वर्षी शिकवतात ते. दुसऱ्या कोणाची स्लाइड असती तर मी चहा पिता पिता सांगितलं असतं. मास्तरांच्या अंगातला धड भाग शोधून काढला मी, आणि तिथवर पोचायला आजार होता तेवढा कापून, पाण्यातून टिपून, कचऱ्यात टाकला. ते चिरडलेलं काळंच खरं होतं. दहा काचांवर तेवढं जरी चढवलं असतं तरी डाग धरला असता त्याने. पंच्याऐंशी मोजायला पेशी सुंदर लागत नाहीत.

"कितीदा लावलात?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"पाच."

त्यांनी स्लाइड काढून बाजूला ठेवली. म्हणाल्या, "मीही जबाबदार आहे. हा नमुना तुमच्या हातात राहू द्यायला नको होता." त्यांचा काही दोष नाही. हे मी त्यांना म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

मोठ्या रुग्णालयातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी लेकीला आणि मला आत बोलावलं. गाठ यकृतात पसरली आहे. चार दिवसांत डोळे पिवळे झालेत. शीर मोकळी व्हायला किरणं देतील, त्याने सूज उतरेल. पण खरं औषध आता देता येत नाही, यकृत ते झेलणार नाही, औषधच जीव घेईल.

लेकीने विचारलं, "आधी दिलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाले, "सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं असतं तर गाठ बरीच बसली असती. बरे झाले नसते, पण वर्षभर मिळालं असतं. कधी जास्तही. पहिल्या तपासणीत नमुना अपुरा पडला, दुर्दैव."

"आणि आता?"

"आठवडे."

लेक म्हणाली, "नमुना अपुरा पडतोच कसा?" तो प्रश्न तिने डॉक्टरांना विचारला होता. मी माझ्या पर्सची चेन बघत होते. एक वर्ष. माझ्या पाण्याच्या भांड्यातून एक वर्ष टिपून टाकलं मी.

शनिवार, ५ ऑक्टोबर

मास्तरांना घरी आणलं. सूज उतरली, तसा खाली राहिलेला चेहरा दिसला. बाहेरच्या खोलीत पलंग टाकलाय. मी रजेवर आहे. भाऊ येऊन गेले, त्यांनी माझ्या यंत्राला तेल दिलंय म्हणाले. त्या यंत्राचं नाव काढू नका, असं त्यांना सांगायचं होतं.

लेकीला सांगावं, मास्तरांना सांगावं, कोणालाही सांगू नये, असं दिवसातून दहा वेळा ठरतं. मॅडम सांगणार नाहीत. एवढं पक्कं झालंय: मरणाऱ्या माणसाला त्याचं मरण कोणामुळे लवकर आलं हे कळायचा हक्क आहे. उद्या सांगते.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सांगितलं नाही. दोन दिवस ते झोपूनच होते. अंगावर हात ठेवला तर हाड लागतं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज दुपारी जागे झाले, बऱ्यापैकी शुद्धीत. लेक औषधं आणायला गेली होती. मी मनात वाक्यं घोकून ठेवली होती: तुमचा तुकडा मी संपवला, अठरा तारीख मी नाकारली. फक्त तेवढं म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. खुर्ची पलंगाशी ओढली.

"मला तुम्हाला एक सांगायचंय."

"मलाही," ते म्हणाले. "आधी मी. माझा दम कमी आहे, मला रांग मोडू दे."

आणि एकेका श्वासाला एकेक शब्द असं सांगत गेले. चौदा वर्षं. खेळाच्या खोलीत शेवटच्या तासानंतर दोन, घरी येताना दोन, पुढे पुढे मोजदाद राहिली नाही. पहिल्यांदा ओढून आले तेव्हा मला कळेल म्हणून घाबरले होते. कळलं नाही. वर्षं गेली तसं कळणारच नाही हे त्यांना कळलं.

"तुझं नाक गेलं, त्याचा मी फायदा घेतला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू शेजारी होतीस. तुझ्यासमोर खोटं पडायचं नव्हतं गं. तिथे खरं बोललो असतो तर त्यांनी त्याच दिवशी ओळखलं असतं. महिना गेला तो माझ्यामुळे."

नाही, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"तू जेवण टाकून माझ्यासाठी ते चाक फिरवत बसलीस," ते म्हणाले, "आणि मी तुला शेवटपर्यंत फसवलं. तुला जे दिसलं ते तू प्रेमाने बघितलंस. चूक माझी. सगळी माझी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. मी ते पदराने टिपलं. "मला माफ करशील?"

ते शांतपणे जावेत म्हणून मी गप्प राहिले, असं मी उद्या स्वतःला सांगेन. लेकीलाही कधीतरी सांगेन. पण या वहीत तरी खरं लिहिते. त्या क्षणी त्यांचा विचार माझ्या मनात नव्हता. कोणीतरी माझ्या डोक्यावरचं ओझं स्वतःहून उचलून घेत होतं, मागून घेत होतं, आणि मी ते देऊन टाकलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

"केलं माफ," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. कितीतरी दिवसांनी कपाळावरची आठी गेली. थोड्या वेळाने डोळे मिटूनच विचारलं, "तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "लेक संध्याकाळी सूप करणार आहे."